लसीचं लेटेस्ट व्हर्जन

गेल्या शनिवारी ताईबरोबर लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. निमित्त माझ्या भाच्याची दीड महिन्याची लस. भाऊजी ऑनसाइट, त्यामुळे फाइल, दुपटी आणि डायपरची पिशवी सांभाळायचं काम मामाकडे. डॉक्टरांनी विचारलं, "न्यूमोकोकलची पुण्यात बनणारी दहावाली देऊ की तेरावाली?" ताईने माझ्याकडे पाहिलं. घरात एक इंजिनियर असला की आकडा असलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या खात्यात जमा होते.

मीही आत्मविश्वासाने म्हणालो, "लेटेस्ट व्हर्जन कोणतं असेल ते द्या."

डॉक्टर मनापासून हसले. "अहो, हे व्हर्जन नंबर नाहीत. दहा म्हणजे दहा प्रकारचे साखरेचे कोट. आणि तुमच्या हिशेबाने बघायचं तर ही दहावाली तेरावालीच्या नंतर बाजारात आली आहे!"

झालं. बाळ रडलं, ताई थोडी रडली, आणि मी घरी येऊन सगळा रविवार या साखरेच्या कोटांमागे घालवला. त्यातून जे हाती लागलं त्यामुळे माझं एक आवडतं वाक्य मला मागे घ्यावं लागतंय. वाक्य असं: "डीएनए म्हणजे सजीवांचा सोर्स कोड." ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी हे किमान पन्नास वेळा ऐकवलं असेल. आपल्या धंद्यातल्या लोकांना ते फार आवडतं, कारण त्यात आपण आपोआप देवाच्या शेजारी जाऊन बसतो :-) पण हे वाक्य अर्धवट आहे. आणि हा अर्धवटपणा दीड महिन्याच्या बाळाच्या लसीपर्यंत येऊन पोचतो.

आधी कोटाबद्दल. न्यूमोकोकस हा जिवाणू अनेक धडधाकट मुलांच्या नाका-घशात निवांत राहतो. फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला की मात्र न्यूमोनिया, मेनिन्जायटिस अशी जिवावरची दुखणी होतात. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे अंगाभोवतीचा जाड, बुळबुळीत थर. हा थर साखरेच्या लांबच लांब माळांचा असतो. या थरामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याच्यावर पकडच मिळत नाही. तेल लावलेल्या पैलवानाला धरायला जावं तसं. थर नसलेला न्यूमोकोकस सहसा लगेच पकडला जातो आणि संपतो.

हा थर साखरेचा आहे हे १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी दाखवलं. तोपर्यंत समज असा होता की शरीर ज्याला 'परका' म्हणून ओळखतं ते प्रोटीनच असणार. साखर म्हणजे नुसतं इंधन, तिला कसली आलीय ओळख! पुढे १९२८ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने पाहिलं की कोट गमावलेले जिवंत जिवाणू आणि कोटवाले पण उकडून मारलेले जिवाणू एकत्र करून उंदराला टोचले, तर उंदीर मरतो आणि त्याच्या रक्तात कोट घातलेले जिवंत जिवाणू सापडतात. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लॉइड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलं.

यातली गंमत बघा. ज्या डीएनएपायी आपण 'सोर्स कोड, सोर्स कोड' करत नाचतो, त्याचा शोध साखरेच्या कोटाचा पाठलाग करताना लागला. आणि पुढे सगळी वाहवा डीएनएने नेली. कोट बिचारा पाठ्यपुस्तकातल्या त्या उंदराच्या आकृतीपुरता उरला.

आता हा कोट बनतो कसा? माझं वाक्य मोडतं ते इथेच.

प्रोटीनचा मामला सरळ आहे. डीएनएवर तीन-तीन अक्षरांचे शब्द, बहुतेक प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल. मजकूर वाचा, माळ ओवा. इथे 'कोड' हा शब्द अगदी चपखल बसतो. पण साखरेच्या माळेचा मजकूर कुठेच लिहिलेला नसतो. 'आधी ग्लुकोज, मग रॅमनोज, मग अमुक' अशी ओळ जिवाणूच्या अख्ख्या डीएनएत शोधून सापडणार नाही. तिथे फक्त एन्झाइम बनवायच्या सूचना असतात. म्हणजे लग्नाच्या जेवणाची यादी मागावी आणि हातात आचाऱ्यांची यादी पडावी. पदार्थाचं नाव नाही, कृती नाही. एक आचारी फक्त सारण करतो, दुसरा फक्त पारी लाटतो, तिसरा फक्त तळतो. तिघांना ओळीने उभं केलं तर करंजी होते, पण 'करंजी' हा शब्द कुठेही लिहिलेला नाही.

साखर जोडायला ऊर्जाही लागते. फुकटात जोडणी करणारे काही जिवाणू आहेत. आमच्या सांगलीकडे तोडलेला ऊस अड्ड्यावर दोन-चार दिवस पडून राहिला की त्याचा रस चिकट होतो आणि कारखान्यात साखरेचे दाणे धड पडत नाहीत. हे काम ल्यूकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूचं. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात. हा पठ्ठ्या ती जोडी फोडतो आणि फुटताना मोकळ्या झालेल्या ऊर्जेवरच ग्लुकोजची माळ ओवतो. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. घराबाहेर, एका एन्झाइमवर भागणारं काम. पण अशाने माळ एकाच सुराची होते. न्यूमोकोकसला नक्षीकाम हवं असतं.

त्यासाठी साखरेला आधी बिल्ला लावावा लागतो. ही गोष्ट शोधली अर्जेंटिनातल्या लुई लेलुआर यांनी. शिक्षणाने डॉक्टर. १९४३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने त्यांच्या गुरूंना, बर्नार्डो हुसे यांना, विद्यापीठातून काढलं तेव्हा लेलुआरही बाहेर पडले. पुढे १९४७ मध्ये एका कापड उद्योगपतीच्या पैशावर ब्यूनोस आयर्समध्ये एक छोटी संस्था सुरू झाली, तिचे ते प्रमुख झाले. तिथे १९५०च्या सुमारास त्यांच्या गटाला दिसलं की पेशी ग्लुकोजला यूडीपी नावाची एक शेपटी जोडून ठेवते. ही शेपटी दोन कामं करते. पुढच्या जोडणीची मजुरी तिच्यात आगाऊ भरलेली असते, आणि कुठल्या एन्झाइमने या साखरेला हात लावायचा हेही तिच्यावरून कळतं. या कामासाठी त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उदाहरण म्हणून रॅमनोज घेऊ. आपलं शरीर ही साखर बनवतच नाही, पण न्यूमोकोकसच्या कितीतरी कोटांमध्ये ती असते. जिवाणू ती चार पायऱ्यांत बनवतो. पहिलं एन्झाइम ग्लुकोजला डीटीडीपीचा बिल्ला लावतं. (हा बिल्ला डीएनएमधल्या 'टी' या अक्षरापासूनच बनतो. ज्या शाईने ग्रंथ लिहायचा तिचाच वापर हमालाच्या बिल्ल्यावर नंबर टाकायला!) दुसरं एन्झाइम त्यातून पाण्याचा एक रेणू काढतं. तिसरं दोन कार्बनवरच्या जोडण्या उलट्या बाजूला वळवतं, त्यामुळे उजव्या घडणीची साखर डाव्या घडणीची होते. चौथं त्यावर शेवटचा हात फिरवतं. आत गेलं साधं ग्लुकोज, बाहेर आलं बिल्ला लावलेलं रॅमनोज. चार फंक्शन्स, एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. इतकी स्वच्छ पाइपलाइन मी तरी आमच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेली नाही.

मग अशा तयार साखरा पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला, ५५ कार्बनच्या एका तेलकट शेपटीवर एकेक करून चढवल्या जातात. चार-पाच साखरांचा एक तुकडा झाला की तो पडद्यातून पलटी मारून बाहेर येतो. बाहेर दुसरं एन्झाइम असे शेकडो तुकडे एकमेकांना जोडून लांब माळ करतं आणि बहुतेक प्रकारांत ती माळ पेशीच्या भिंतीला पक्की बांधली जाते. झाला कोट तयार.

आता मुद्द्याचं. न्यूमोकोकसचे असे १०० पेक्षा जास्त वेगवेगळे कोट माहीत आहेत. ते इतके होऊ शकतात कारण साखर साखरेला अनेक ठिकाणी जोडता येते: दोन नंबरच्या कार्बनला, तीनला, चारला, वरून, खालून. आणि आपलं शरीर हा फरक ओळखतं. १९एफ आणि १९ए हे दोन प्रकार घ्या. दोघांच्या तुकड्यात त्याच तीन साखरा, त्याच क्रमाने. फरक एवढाच की एकात ग्लुकोज रॅमनोजच्या दोन नंबरच्या कार्बनला जोडलेलं आहे आणि दुसऱ्यात तीन नंबरच्या. आपल्या भाषेत ऑफ बाय वन!

या एका आकड्याची किंमत काय? अमेरिकेत २००० मध्ये सात कोटांची लस आली. तिच्यात १९एफ होता, १९ए नव्हता. अंदाज असा होता की एवढ्या जवळच्या भावाला तीच लस पुरेल. पुरली नाही. लसीतल्या प्रकारांचे आजार झपाट्याने घटले, पण पुढच्या काही वर्षांत १९ए वर आला. त्याला अँटिबायोटिक्सही दाद देईनात, हेही एक कारण होतंच. शेवटी २०१० च्या तेरा कोटांच्या लसीत १९ए वेगळा घालावा लागला. आणि निसर्गाचा खट्याळपणा असा की ६बी आणि ६ए या दुसऱ्या जोडीत, जिथे फरक असाच एका बंधाचा आहे, तिथे एकाची लस दुसऱ्यावर बऱ्यापैकी चालते. म्हणजे नियम करून मोकळं व्हायचीही सोय नाही. प्रत्येक कोट उकलून बघावा लागतो.

हे सगळं मी सोमवारी टीममधल्या एका मित्राला सांगितलं. तो बायोइन्फर्मेटिक्स करून आपल्याकडे आलेला. तो म्हणाला, "उगाच भावनिक होऊ नकोस. आजकाल डीएनए सिक्वेन्स केला की कोटाचा प्रकार सॉफ्टवेअर सांगतं. म्हणजे शेवटी कोडच ना?"

मुद्दा बिनतोड वाटतो. २००६ मध्ये तेव्हा माहीत असलेल्या ९० प्रकारांचा कोट बनवणारा डीएनएचा भाग वाचून प्रसिद्धही झाला आहे. पण ते सॉफ्टवेअर मुळात करतं काय? 'असा डीएनए दिसला तर असा कोट' हे टेबल बघून उत्तर देतं. ते टेबल भरलं कोणी? एकेक कोट वेगळा काढून, त्याच्या साखरा मोजून, बंध तपासून ज्यांनी वर्षानुवर्षं काढली त्या रसायनशास्त्रज्ञांनी. आणि टेबलात नसलेलं काही समोर आलं की?

त्याचंही उदाहरण आहे. ६ए हा प्रकार कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळा ओळखत होत्या. २००७ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की ६ए म्हणून नोंदलेल्या जिवाणूंमध्ये दोन वेगळे प्रकार मिसळले होते. दुसऱ्याच्या कोटात गॅलॅक्टोजच्या जागी ग्लुकोज होतं. त्याला ६सी नाव मिळालं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात फरक किती, तर चौथ्या कार्बनवरचा एक गट इकडे की तिकडे, एवढाच. हा फरक आधी लक्षात आला तो कोट ओळखणाऱ्या अँटिबॉडींमुळे. त्याला जबाबदार असलेला जीन त्यानंतर हुडकला गेला. आधी साखर, मग कोड. मित्राने यावर चहा मागवला. म्हणजे माझ्या मते मी जिंकलो.

पण खरं सांगायचं तर मला वादात जिंकण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. 'कोड वाचला म्हणजे सगळं कळलं' अशी सवय लागली की कोडच्या पलीकडचं काम आपल्याला कमी प्रतीचं वाटायला लागतं. साखरेचं रसायनशास्त्र किचकट, वेळखाऊ, ग्लॅमर शून्य. पण त्याच कामावर लस उभी आहे. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून ती प्रोटीनला जोडून द्यावी लागते. ही युक्ती एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ पासूनच्या प्रयोगांत दाखवली होती. तिच्यावर आधारलेली पहिली लस, तीही हिब या वेगळ्याच जिवाणूवरची, वापरात यायला १९८७ उजाडलं. आणि अशा लसीत दहा कोट म्हणजे खरोखर दहा वेगळी कामं. दहा प्रकारचे जिवाणू वेगवेगळे वाढवायचे, प्रत्येकाची साखर वेगळी काढून शुद्ध करायची, वेगळी जोडायची आणि शेवटी एका बाटलीत आणायची. कॉपी-पेस्ट नाही.

डॉक्टर म्हणाले ती दहावाली म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली आणि भारतात ती डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यातले दहा कोट आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत मुलांना जास्त आजारी पाडणारे प्रकार पाहून निवडले गेले. तो १९ए तिच्यात आहे, ६ए आणि ६बी दोन्ही आहेत. तेरावालीत आणखी तीन आहेत: ३, ४ आणि १८सी. यातला टाइप ३ म्हणजे एव्हरींच्या १९४४ च्या प्रयोगातला तोच कोट. तो बनवायची रीतही वेगळी: दोनच साखरा आलटून पालटून ओवणारं एकच एन्झाइम, आणि माळ भिंतीला पक्की बांधलेली नाही. तेरावालीची पकड या प्रकारावर इतरांपेक्षा ढिली पडते. त्याचं एक कारण असं मांडलं जातं की हा जिवाणू आपला सैल कोट सोडून देतो आणि अँटिबॉडी रिकाम्या कोटाला धरून बसतात. कोट कसा विणला, यावर लस किती चालणार हे ठरतं ते असं.

म्हणजे आकडा मोठा तर लस भारी, हे गणितही चुकीचं. प्रश्न हा की आपल्या भागातली मुलं कुठल्या कोटांमुळे आजारी पडताहेत, आणि ते कोट बाटलीत आहेत का. याचं उत्तर कायमचं नसतं. लस आली की तिच्यातले प्रकार मागे पडतात आणि बाहेरचे जागा पटकावतात. भारताच्या सरकारी कार्यक्रमात ही लस २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही भागांत सुरू झाली, आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. सरकारी केंद्रावर ती मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. एवढ्या मुलांना लस देणाऱ्या देशात आजारी मुलाच्या रक्तातून जिवाणू वाढवून, त्याचा कोट ओळखून नोंद ठेवणारी माणसं सतत लागणार. ते काम कोणाच्या स्टेटस मेसेजवर येत नाही. पण दहा वर्षांनी बाटलीत काय भरायचं ते त्याच वह्या सांगणार आहेत. माझ्या मते अशा प्रयोगशाळांवर खर्च करणं हे नवं लसीकरण ॲप काढण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. आणि हे मी ॲप बनवून पोट भरणारा माणूस म्हणतोय.

तर मंडळी, वाक्य मागे घेतलं. डीएनए ही आचाऱ्यांची यादी आहे. पंगतीत काय वाढलं गेलं हे पाहायचं असेल तर पानाशीच जावं लागतं.

भाच्याला शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या विचाराने एक लस टोचली. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या बाळासाठी हा निर्णय इंजिनियरने लिहिलेलं वाचून घ्यायचा नसतो. संध्याकाळी थोडा ताप आला, रात्री उतरला. साडेतीन महिन्यांच्या डोसलाही मामाच जाणार आहे. या वेळी लेटेस्ट व्हर्जन मागणार नाही. तोंड बंद ठेवून डायपरची पिशवी धरणार.